बापूंचं निर्धाव षटक

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटचं धावतं वर्णन करणाऱ्याची खरी परीक्षा कधी असते, सांगू? चौकार-षटकार बरसतात तेव्हा प्रेक्षकांचा गलकाच त्याचं अर्धं काम करून टाकतो. परीक्षा असते ती मैदानात काही म्हणजे काहीच घडत नाही तेव्हा. जानेवारी १९६४, मद्रास. समोर इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. एक डावखुरा फिरकी गोलंदाज येतो, षटक टाकतो, धाव नाही. पुन्हा येतो, पुन्हा निर्धाव. अशी एकापाठोपाठ २१ निर्धाव षटकं! आगेमागचे चेंडू धरून सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. त्या दिवशी माइकसमोर बसलेल्या माणसाचा मी नेहमी विचार करतो. 'निर्धाव षटक' हे दोन शब्द माणूस किती तऱ्हांनी म्हणणार?

तो गोलंदाज म्हणजे रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. आपले बापू नाडकर्णी. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण वाचून दाखवतो: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. शेवटचा आकडा लोक सांगायचं विसरतात. बळी एकही नाही, आणि सामनाही अनिर्णितच सुटला. चेंडूच मोजायचे झाले तर दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफिल्डनं त्याआधी सलग १३७ निर्धाव चेंडू टाकले होते. पण तिथे षटक होतं आठ चेंडूंचं, म्हणून सलग षटकांचा विक्रम बापूंकडेच राहिला.

हे जमलं कसं? सरावाच्या वेळी बापू खेळपट्टीवर एक नाणं ठेवायचे आणि चेंडू त्याच्यावर टाकत राहायचे. ऐकायला सोपं वाटतं. बावीस यार्डांवरून एकदा करून बघा! ४१ कसोटींमध्ये त्यांनी नऊ हजारांहून जास्त चेंडू टाकले आणि षटकामागे सरासरी दोन धावासुद्धा दिल्या नाहीत. १.६७. कंजूष म्हणा हवं तर.

पण या कंजूषपणाच्या गोष्टीनं बापूंवर थोडा अन्यायच केला. ते अष्टपैलू होते हे आपण विसरूनच गेलो. जन्म नाशिकचा, ४ एप्रिल १९३३. पुणे विद्यापीठाकडून खेळले, मग महाराष्ट्राकडून आणि पुढे मुंबईकडून. १९५५ साली दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी मिळाली, तीही भारताचे बिनीचे अष्टपैलू विनू मंकड त्या सामन्यात नव्हते म्हणून. मंकडांची जागा भरायची म्हणजे काय, हे जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. बापूंनी नाबाद ६८ धावा केल्या. मंकड परत आले आणि बापू बाहेर!

मद्रासनंतर त्याच मालिकेतली कानपूरची कसोटी घ्या. इंग्लंडच्या ५५९ धावांपुढे भारतावर फॉलोऑनची, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरण्याची नामुष्की आली. बापू पहिल्या डावात नाबाद ५२. दुसऱ्या डावात त्यांना वर पाठवलं, तर नाबाद १२२. म्हणजे सबंध सामन्यात त्यांना कुणी बादच करू शकलं नाही. सामना वाचला. कसोटीतलं त्यांचं हे एकमेव शतक, आणि मला विचाराल तर त्या २१ षटकांपेक्षा मोलाचं.

आणि बळी मिळत नाहीत म्हणणाऱ्यांना उत्तर त्याच वर्षी, त्याच मद्रासमध्ये मिळालं. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात ५, दुसऱ्यात ६. अकरा बळी घेऊनही भारत हरला, आणि हरलेल्या सामन्याची आठवण कोण काढतो? १९६८ साली मात्र नशीब फिरलं. न्यूझीलंडमध्ये कर्णधार पतौडींच्या भारतीय संघानं परदेशातली पहिली मालिका जिंकली, त्यात वेलिंग्टनला बापूंनी ४३ धावांत ६ बळी घेतले. ती मालिका संपली आणि बापूंनी कसोटी क्रिकेट थांबवलं. एकूण १,४१४ धावा आणि ८८ बळी.

मग ते टेबलाच्या पलीकडे गेले. राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य झाले, मुंबई क्रिकेट असोसिएशनचे संयुक्त सचिव झाले, भारतीय संघाबरोबर सहायक व्यवस्थापक म्हणून दौऱ्यांवर गेले. सहायक व्यवस्थापकाला धावफलकात जागा नसते. निर्धाव षटकासारखंच हे काम. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत सुनील गावसकर ७० धावांवर असताना वेगवान गोलंदाज डेनिस लिलीच्या चेंडूवर पंचांनी त्यांना पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. त्यात ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी काहीतरी सुनावलं. संतापलेल्या गावसकरांनी जोडीदार चेतन चौहानना बरोबर घेतलं आणि दोघं मैदानाबाहेर चालू लागले. चौहानांनी सीमारेषा ओलांडली असती, तर भारतानं सामना सोडला असा अर्थ निघाला असता. रेषेवर व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी उभे होते, आणि त्यांच्याबरोबर बापू. चौहान तिथून मागे फिरले. दिलीप वेंगसरकर खेळायला गेले. पुढे ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या १४३ धावा. पायाच्या दुखापतीनं बेजार असलेल्या कपिलनं ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद झाली, आणि भारतानं कसोटी जिंकून मालिका बरोबरीत सोडवली.

१७ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, बापू मुंबईत गेले. तेव्हा गावसकरांनी एक आठवण सांगितली. धड हातमोजे नाहीत, धड पॅड नाहीत अशा काळात हा माणूस चेंडू अंगावर झेलत खेळला, आणि दौऱ्यावर पोरांना धीर देताना त्याचे आवडते शब्द दोनच असायचे: 'छोडो मत'.

हे सांगत होते गावसकर. मेलबर्नला मैदान सोडून निघालेले गावसकर.

नमस्कार.