अंधारातली कडी

(शाळेचं मैदान. घंटा वाजते आहे.)

सकाळचे साडेअकरा. घंटा झाली तशी पोरं बाकांखाली शिरली. एक हात डोक्यावर, दुसऱ्यानं बाकाचा पाय घट्ट धरलेला. झुका, झाका, धरा. हादरे थांबल्याची खूण झाल्यावर डोक्यावर दप्तर घेऊन सगळी रांगेनं मैदानात. गुरुजींनी मोजलं तर एक पोरगं कमी. ते पाण्याच्या टाकीवर होतं. हशा पिकला, रंगीत तालीम संपली.

चांगलंच झालं. फक्त किल्लारीचा भूकंप साडेअकराला आला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं गाढ झोपलेली. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली.

(जुन्या घराची भिंत, अगदी जवळून.)

ही भिंत बघा. चांगली हातभर जाड, वैशाखातही आत गारवा. पण ही एक भिंत नाही, दोन आहेत. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, आणि मधे माती-चिपांची भर. दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड शोधावा लागतो. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी घमेलं-दोन घमेली माती चढवायची. आजोबांनी चढवली, बापानं चढवली. किती ओझं झालं ते कुणी मोजलं नाही. काही घरांत लाकडी खांबांनी माळवद तोलून धरलं, भिंती तेवढ्या कोसळल्या. पण अंथरूण भिंतीकडेलाच असतं.

म्हणून शाळेतला धडा घरी जसाच्या तसा चालत नाही. सिमेंट-लोखंडाच्या पक्क्या घरात पळू नये. मजबूत टेबलाखाली शिरावं, पलंगावर असाल तर उशीनं डोकं झाकून तिथंच थांबावं. जड माळवदाच्या घरात, तळमजल्यावर, दार दोन पावलांवर असेल तर मोकळ्यात निघावं. पण दार उघडायला तर हवं.

(रात्र. औसा तालुक्यातलं एक घर. दिवा बंद.)

रात्रीचे साडेनऊ. नातू मोठ्यानं आकडे मोजतोय, आजी अंथरुणातून उठतेय. चार आकड्यांवर दार सापडलं. नवावर हात कडीला लागला. पंधरा झाले तरी कडी निघंना.

"पावसानं दार फुगतंय बाबा. दिवसा म्या लाथ घालते."

मेनस्विच कुठं आहे, सिलिंडरची कळ कोण बंद करणार, हे सगळं ठरलं होतं. कडीचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॅमेरा घेऊन आलेल्या आमच्याही नाही.

मग बॅटरीच्या उजेडात वर बघितलं. ओसरीवर पत्रा, पत्र्यावर नऊ दगड. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले, तेही बरोबर दाराच्या माथ्यावर. सकाळी ते उतरवले आणि पत्रा नटबोल्टनं आवळला. भिंतीकडेचं अंथरूण खांबाजवळ आलं. दाराची कड रंध्यानं तासली.

मराठवाड्यात हे सगळं जुनं झालेलं नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर हिंगोली परिसरात ४.५ चा धक्का बसला, आणि लोक सावरतात तोच काही मिनिटांत ३.६ चा दुसरा. पहिला थांबला म्हणून लगेच घरात शिरायचं नसतं, ते याचसाठी. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या बाजूला जमिनीतून येणारे आवाज लोकांच्या इतके अंगवळणी पडलेत की हातातलं कामही थांबत नाही. किल्लारीलाही १९९२ मध्ये लहान धक्के बसून गेले होते. मग सगळं शांत झालं, जवळजवळ वर्षभर.

(पुन्हा तेच घर, पुन्हा अंधार.)

दुसरी खेप. चार... पाच... सहा. कडी निघाली. आजी अंगणात. नातू टाळी वाजवणार, तेवढ्यात ती मागं वळली.

"आज्जे, कुठं निघालीस?"

"शेरडू आत बांधलंय की रे."

नातवानं मोजणं पुन्हा एकपासून सुरू केलं.