घाबरल्यावर बोट कुठं जातं? ॲक्शन आरपीजीमधल्या बिल्डविषयी

नमस्कार. समोर कॉलेजची पोरंपोरी आहेत, तशी त्यांच्याबरोबर आलेली काही वडीलधारी मंडळीही दिसतायत. त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ॲक्शन आरपीजी म्हणजे असा गेम, ज्यात मारामारी तुमच्या हाताच्या चपळाईवर चालते. पण तुमचं पात्र किती ताकदीचं, किती काटक, तलवार चालवणारं की जादू करणारं, हे लेव्हल वाढेल तसं तुम्ही स्वतः घडवत जाता. त्या घडवण्याला खेळणारे ‘बिल्ड’ म्हणतात. ‘डायब्लो’, ‘पाथ ऑफ एक्झाइल’, ‘एल्डन रिंग’ ही त्यातली मोठी नावं.

राजारामपुरीत माझं गेमिंग कॅफे आहे. तिथं रोज कुणीतरी येऊन विचारतं, “दादा, सगळ्यात भारी बिल्ड कुठला?” प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवं. म्हणून मी उत्तर द्यायच्या आधी त्या पोराला खेळायला बसवतो, एखादा त्याच्या आवाक्याबाहेरचा शत्रू समोर आणतो आणि स्क्रीनकडं न बघता त्याच्या हाताकडं बघतो. स्क्रीनवरची रक्ताची पट्टी, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, शेवटच्या बोटभर राहिली की माणूस ठरवून काही करत नाही. बोट आपोआप एका बटणावर जातं. ते बटण कुठलं, हे कळलं की बिल्ड अर्धा ठरला, असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण जरा सावकाश सांगतो. बारावीतला एक मुलगा ‘एल्डन रिंग’ खेळत होता. व्हिडिओ बघून त्यानं सामुराई हा क्लास, म्हणजे सुरुवातीच्या पात्राचा प्रकार, घेतला होता. लेव्हल 9 पासून सुरुवात, हातात उचिगाताना ही जपानी तलवार, पाठीला लांब धनुष्य. दिसायलाही देखणा आणि कामालाही चांगला क्लास आहे तो. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट अडवणारा दांडगा शत्रू, भेटतो, तिथं हा अडकला. मार्गिट काठी उचलतो आणि हवेत धरून ठेवतो. तुम्हाला वाटतं आता येणार, आता येणार, आणि तो क्षणभर थांबून मग हाणतो. काठी वर गेली रे गेली की या मुलाचा अंगठा रोलच्या, म्हणजे लोळून मार चुकवायच्या, बटणावर जायचा, तोही एकदा नाही, लागोपाठ दोनदा. पहिला रोल वाया, दुसरा संपताना बरोबर काठी डोक्यात. वर दोन रोलमध्ये हिरवी पट्टी, म्हणजे दम, संपलेला. त्यामुळं उलटा वार करायची सोय नाही.

तो म्हणाला, “दादा, माझं टायमिंगच बेकार आहे ओ.” मला तसं वाटलं नाही. त्याला धोका आधीच दिसत होता. नजर चांगली होती. फक्त धोका दिसल्याबरोबर काहीतरी दाबल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. अशा हाताला लवकर दाबलेलं चालेल असं बटण द्यायला हवं. ढाल लवकर वर केली तर काही बिघडत नाही. त्याला व्हॅगाबॉन्ड घेऊन नवीन पात्र सुरू करायला लावलं. त्या क्लासला सुरुवातीलाच हीटर शील्ड मिळते आणि ती शारीरिक मार शंभर टक्के अडवते. मार्गिटच्या सोनेरी खंजिरांचा मार पवित्र जातीचा असतो, तो ढालीतून थोडा आत झिरपतोच. पण काठीचा मार अडतो. आणि मार अडवल्यावर लगेच जड वाराचं बटण दाबलं की ‘गार्ड काउंटर’ बसतो, समोरच्याला डळमळीत करणारा वार. ढालीवर घाव घेताना दम जातो, म्हणून लेव्हल वाढल्यावर मिळणारे पॉइंट एन्ड्युरन्समध्येही, म्हणजे दम वाढवणाऱ्या आकड्यातही, घालायचे. मुलगा तोच, अंगठ्याची घाईही तीच. पण आता ती घाई त्याला मारून टाकत नव्हती. थोड्याच वेळात तो मार्गिटची काठी हवेत असताना शांत उभा राहायला लागला. हे मी स्वतः पाहिलेलं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आपण कोल्हापूरचे, त्यामुळं एक गोष्ट तुम्हाला पटकन कळेल. तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला सगळे डाव शिकवत बसत नाही. त्याची उंची, कंबर, मनगट बघतो, दमल्यावर ते कुठं झुकतं ते बघतो, आणि त्याच्या अंगाला बसणाऱ्या दोन-तीन डावांवर त्याला घोटून घेतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरल्यावर विचार करायला वेळ नसतो. घोटलेलंच बाहेर येतं. गेममधल्या बिल्डलाही मी याच नजरेनं बघतो.

आता दुसऱ्या जातीचे हात. काहीजणांचं बोट घाबरल्यावर वाराच्या बटणावर जातं. मार खात असताना ते आणखी जोरात हाणत सुटतात. त्यांना सगळे सांगतात, “अरे जरा मागं हो.” मी सांगत नाही. त्यांना जड शस्त्र द्यावं. ‘एल्डन रिंग’मध्ये मोठ्या तलवारीचा घाव सुरू झाला की मधेच किरकोळ मार बसला तरी तो तुटत नाही. शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचा आकडा, दीडपट मोजली जाते, म्हणजे 40 असेल तर 60. ग्रेटस्वोर्ड एका हातानं पेलायला 31 स्ट्रेंथ लागते, दोन हातांनी 21 वर भागतं. एवढ्या लवकर एवढं मोठं हत्यार हातात येतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मात्र वजनाकडं बघायचं: अंगावरचं ओझं क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या वर गेलं की पात्र धपकन पडल्यासारखं लोळतं.

काहीजणांचं बोट औषधाच्या बाटलीवर जातं. थोडं रक्त गेलं की प्या, पुन्हा गेलं की प्या. बाटली पिताना पात्र क्षणभर उघडं पडतं आणि पुष्कळ बॉस तोच क्षण साधतात. अशा खेळाडूनं व्हिगर, म्हणजे रक्ताची पट्टी मोठी करणारा आकडा, वाढवावं, म्हणजे प्यायच्या आधी आणखी एक घाव सोसता येतो. आणि इथं आकडे बघण्यासारखे आहेत. व्हिगर 40 ला रक्त 1450, 60 ला 1900, आणि 99 ला फक्त 2100. म्हणजे 40 ते 60 या वीस पॉइंटांत 450 मिळतात आणि पुढच्या एकोणचाळीस पॉइंटांत जेमतेम 200. साठला थांबायचं आणि उरलेले पॉइंट शस्त्राकडं वळवायचे. नवीन पोरं नेमकं उलटं करतात. शस्त्रावर सगळं ओततात, व्हिगर वीसवर ठेवतात आणि मग गेम अवघड आहे म्हणतात.

आणि काहीजण घाबरल्यावर बोट उचलतात. मागं सरतात, आधी बघून घेतात. याला भित्रेपणा म्हणू नका. माझी मामेबहीण अशी खेळते. तिला तलवार देणं म्हणजे अन्यायच. ‘डायब्लो टू’मध्ये तिनं नेक्रोमॅन्सर घेतला: मेलेल्या शत्रूंमधून सांगाडे उठवायचे, त्यांना पुढं लोटायचं, आपण मागून शत्रूवर शाप टाकायचे आणि पडलेल्या प्रेतांचे स्फोट करायचे. सगळं मैदान एका नजरेत धरून खेळायचं. तिची अडचण झाली गेमच्या दुसऱ्या अंकाच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, शेवटी दुरिएल या बॉसपाशी. त्याच्या लहानशा खोलीत एकही प्रेत नसतं. सैन्य पडलं की नवीन उठवायला काही नाही. “दादा, इथं माझं काहीच चालंना,” म्हणाली. मग मातीचा गोलेम, म्हणजे जादूनं उभा केलेला पुतळा, उपयोगी आला. त्याला प्रेत लागत नाही आणि तो ज्याला मारतो त्याची गती मंदावते. गोलेम पुन्हा पुन्हा उभा करायचा आणि लांबून धीर धरायचा. तिला धीर होताच. प्रत्येक बिल्डला असं एक ठिकाण असतं जिथं तो लंगडा पडतो. बिल्ड निवडतानाच ते शोधून ठेवावं. बर्फाची जादू करणारी सॉर्सरेस ‘हेल’ या सगळ्यात अवघड पातळीवर पोचली की थंडीचा अजिबात परिणाम न होणारे शत्रू भेटतात, तसंच हे.

ऑनलाइन खेळणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. घरचं नेट हलकं असेल, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, सारखा उड्या मारत असेल, तर अचूक क्षणावर जगणारा बिल्ड घेऊ नका. तुम्ही वेळेवर दाबलेलं बटण सर्व्हरला उशिरा पोचतं. सोसणारा किंवा सैन्य पाठवणारा बिल्ड अशा नेटवर टिकतो.

मग दुसऱ्यांनी केलेले बिल्डचे गाइड बघायचे की नाही? जरूर बघा. हिशेब शिकायला तर हवेतच. ‘पाथ ऑफ एक्झाइल’च्या पॅसिव्ह झाडावर, म्हणजे पॉइंट घालायच्या फांद्याफांद्यांच्या नकाशावर, तेराशेच्या वर ठिकाणं आहेत, तिथं कुणीही पहिल्यांदा बावचळतो. त्या गेममध्ये ‘इन्क्रीज्ड’ आणि ‘मोअर’ असे दोन प्रकारचे टक्के असतात. मूळ घाव 100 चा धरा. वीस-वीस टक्के ‘इन्क्रीज्ड’ पाच ठिकाणांहून घेतले तर ते आधी एकत्र होतात आणि घाव 200 होतो. तेच पाच वेळा ‘मोअर’ असतील तर प्रत्येक जण आधीच्यावर चढतो आणि घाव जवळपास 249 होतो. रेझिस्टन्सचंही, म्हणजे मार किती टक्के अडतो त्याचंही, तसंच. आग, थंडी, वीज यांचा रेझिस्टन्स साधारणपणे 75 टक्क्यांपर्यंत जातो. 75 असेल तर शंभरातला 25 चा मार लागतो, 70 असेल तर 30 चा. दिसायला फरक पाचाचा, पण मार एक-पंचमांश जास्त. आणि पाचव्या व दहाव्या अंकाच्या शेवटी गेम तुमचे प्रत्येकी 30 टक्के रेझिस्टन्स काढून घेतो. हे माहीत नसलेली पोरं दहाव्या अंकानंतर अचानक पटापट मरायला लागतात आणि दोष बिल्डला देतात. या गोष्टी गाइडमधून शिकाव्यात. पण गाइड करणाऱ्याचा हात तुम्हाला मिळत नाही. तो सात बटणं न बघता फिरवतो. तुम्ही दिवसभराच्या कामानंतर रात्री तासभर खेळणार असाल, तर तीन बटणांत भागणारा बिल्ड घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

बदलायची भीती मात्र सोडा. ‘डायब्लो टू’ 2000 साली आला तेव्हा घातलेला पॉइंट परत निघत नव्हता. ती सोय 2010 च्या 1.13 पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, आली. तोवर चुकलेलं पात्र टाकून नवीन करायचं, एवढाच मार्ग होता. ‘डायब्लो थ्री’त कौशल्यं हवी तेव्हा बदलता येतात. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये ऑर्ब ऑफ रिग्रेट नावाची वस्तू खर्चून झाडावरचा पॉइंट परत घेता येतो. ‘एल्डन रिंग’मध्ये रेनाला या बॉसला हरवलं की तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन सगळे पॉइंट नव्यानं वाटता येतात. ते टिअर मोजकेच मिळतात, तेवढं लक्षात ठेवा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: मुलानं परवाच ‘एल्डन रिंग’ घेतलाय, कुठला क्लास घ्यायला सांगू? ताई, त्या गेममध्ये क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे आणि सामान. पुढं कुणालाही काहीही होता येतं. त्याला व्हॅगाबॉन्ड घेऊ दे. ढाल आहे, तलवार आहे, व्हिगर चांगलं आहे. रेच हा क्लास मात्र पहिल्यांदा नको. त्याचे सगळे आकडे 10 आणि अंगावर धड कपडेही नाहीत. मार्गिटपाशी तो अडकेल, सगळेच अडकतात. तेव्हा तुम्ही पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा आणि अंगठा कुठं जातो ते बघून मला कॅफेत येऊन सांगा. पुढचे पॉइंट कुठं घालायचे ते आपण तिघं बसून ठरवू.