टिपण घेताना वाचन मोडू नये म्हणून

मित्रहो, संगणकावर एखादा अहवाल वाचत असताना त्यातला एखादा आकडा टिपून ठेवावासा वाटतो. डोळस वाचक टिपणांची खिडकी उघडतो, आकडा लिहितो आणि नजर पुन्हा अहवालाकडे वळवतो. अहवाल मागे दिसतच असल्यामुळे आपण कुठे थांबलो होतो, हे त्याला वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आधारे काम करणाऱ्या दृष्टिहीन वाचकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्यासाठी फोकस, म्हणजे कळफलकाचा ताबा, जिथे असेल तेवढाच संगणक त्या क्षणी अस्तित्वात असतो. फोकस टिपणांच्या खिडकीत गेला की अहवाल नाहीसा होतो, आणि परतल्यावर कर्सर दस्तऐवजाच्या आरंभी जाऊन बसला असेल, तर चाळीस पाने पुन्हा चाचपत यावे लागते. म्हणून टिपणांचे साधन निवडताना ते टिपणे किती देखणी मांडते हे नंतर पाहावे आणि ते आपल्याला मूळ जागी किती अचूक परत सोडते हे आधी पाहावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही कसोटी केवळ दृष्टिहीनांच्या सोयीची नाही. अल्पदृष्टी असलेला वाचक पडदा चौपट मोठा करतो, तेव्हा त्याला मूळ पडद्याचा जेमतेम सोळावा भाग एका वेळी दिसतो. कोपऱ्यात उघडलेली टिपणांची चौकट त्या भागाबाहेर राहते आणि ती उघडली आहे हेच त्याला कळत नाही. ज्यांचे लक्ष चटकन विचलित होते त्यांना तर प्रत्येक नवी खिडकी हे दुसऱ्या कामाचे आमंत्रण असते. सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे की अपुरे काम सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग आधीच्या कामातच गुंतून राहतो. टिपण घेणे हे असेच वळणे आहे, आणि म्हणूनच ते जितके लहान ठेवता येईल तितके ठेवावे.

हे वळणे लांबते ते बहुतेक वेळा साधनाच्या प्रश्नांमुळे. टिपण कोणत्या वहीत ठेवायचे, शीर्षक काय द्यायचे, खूणशब्द कोणते, रंग कोणता, हे सारे प्रश्न टिपण्याच्या क्षणी गैरलागू असतात, कारण त्यांची उत्तरे वाचन संपल्यावरच नीट देता येतात. टिपण्याच्या वेळी सगळे एकाच फाइलमध्ये जावे. वर्गवारी संध्याकाळी करावी.

याची सुरुवात विंडोजमधल्या साध्या नोटपॅडपासून करता येते. एक रिकामी फाइल घ्या आणि तिच्या अगदी पहिल्या ओळीत टिंब व त्याला लागून रोमन लिपीतील मोठी अक्षरे एल, ओ, जी एवढेच लिहून फाइल जतन करा. यानंतर ती फाइल जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा नोटपॅड शेवटी त्या क्षणाची तारीख व वेळ आपणहून लिहून ठेवतो. आता या फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की या रकान्यात जा आणि एक अक्षर दाबा. कंट्रोल आणि ऑल्ट विंडोज स्वतःच जोडते. हे अक्षर एन मात्र नसावे, कारण कंट्रोल-ऑल्ट-एन ही जोडी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करण्यासाठी आधीच राखलेली असते. टिपणाचा टी घ्यावा. मग कोणत्याही प्रोग्रॅममधून कंट्रोल-ऑल्ट-टी, दोन ओळी, कंट्रोल-एस आणि ऑल्ट-एफ४, की आपण मागच्या खिडकीत परत. फाइल उघडी ठेवूनच काम करायचे असेल तर एफ५ दाबल्यावर तारीख-वेळ उमटते. ज्यांना दोन-तीन कळा एकदम दाबणे अवघड जाते, त्यांनी शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज सुरू कराव्यात. मग त्याच कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात.

कधी कधी मूळ खिडकी सोडण्याचीही गरज नसते. विंडोजमध्ये २०१८ पासून क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे तात्पुरता राहतो त्या जागेचा, इतिहास ठेवता येतो. विंडोज-व्ही दाबून ही सोय एकदा सुरू केली की कॉपी केलेले अलीकडचे पंचवीस मजकूर जपले जातात. वाचता वाचता केवळ कंट्रोल-सी करत जावे आणि प्रकरण संपल्यावर सगळे उतारे फाइलमध्ये उतरवावेत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पिन न केलेले मजकूर पुसले जातात, तेव्हा हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

ज्यांचे काम दिवसभर लेखन-वाचनाचे आहे त्यांच्यासाठी मला ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅममधली ऑर्ग-कॅप्चर ही व्यवस्था सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटते. ती ज्याचा भाग आहे तो ऑर्ग-मोड २००३ मध्ये कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी स्वतःच्या कामासाठी सुरू केला. त्यात टिपणाचा साचा आधीच ठरवून ठेवता येतो: निवडलेला मजकूर, तो जिथून आला त्याचा दुवा आणि वेळ साच्यात आपोआप भरली जाते. कंट्रोल-सी दोनदा दाबले की टिपण ठरलेल्या जागी जाते आणि पडद्यावरची आधीची मांडणी होती तशी परत येते. ब्राउझरसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅममधून ऑर्ग-प्रोटोकॉल या जोडणीच्या मार्गाने पानाचा पत्ता आणि निवडलेला परिच्छेद थेट त्याच साच्यात पाठवता येतो. हे शिकायला वेळ लागतो, आणि शिकवणाऱ्याने तो वेळ द्यायला हवा.

इथे आपल्या अभिमानाचा एक धागा आहे. ईमॅक्सला बोलते करणारी ईमॅक्सस्पीक ही प्रणाली १९९५ मध्ये लोकांसमोर आणणारे डॉ. टी. व्ही. रामन पुण्यात वाढलेले आहेत आणि स्वतः दृष्टिहीन आहेत. पडद्यावर उमटलेली अक्षरे मागाहून वाचून दाखवण्यापेक्षा, मजकूर म्हणजे काय हे माहीत असलेल्या प्रोग्रॅमच्या आतूनच बोलावे, ही त्यांची भूमिका होती. खिडकी उघडली, मिटली, काम झाले, हे त्यात छोट्या ध्वनींनी कळते. टिपणासाठी हे फार मोलाचे आहे, कारण ‘जतन झाले’ हे सांगणारे लांबलचक वाक्य ऐकत बसण्याऐवजी एक टिचकी पुरते आणि वाचनाची लय टिकते.

मराठी मजकुराची अडचण मात्र आणखी वेगळी आहे. युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून परिच्छेद कॉपी केला तर हाती रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा येतो. पानावर शुद्ध मराठी दिसत असल्यामुळे डोळस वाचकाला कॉपी करताना याचा पत्ताही लागत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने कॉपी केल्यावर लगेच एनव्हीडीए-सी (एनव्हीडीएची कळ, म्हणजे सहसा इन्सर्ट, आणि सी) दाबावे. क्लिपबोर्डवरचा मजकूर वाचून दाखवला जातो आणि तो मराठी आहे की कचरा, हे दोन शब्दांतच समजते. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक-एनजीमध्ये मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटला तरी या तपासणीला पुरेसा आहे. कचरा आला, तर उताऱ्याच्या मागे न लागता फाइलचे नाव, पान क्रमांक आणि आपल्या शब्दांत एक ओळ टिपून पुढे वाचत राहावे. ते पान नंतर टेसरॅक्टसारख्या, मराठी ओळखणाऱ्या ओसीआरमधून (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढता येते, पण जोडाक्षरे आणि रफार मुळाशी ताडून पाहावे लागतात. हे ताडून पाहणे दृष्टिहीन वाचकाला एकट्याने करता येत नाही. त्यासाठी आपल्यापैकी डोळस मंडळींनी आठवड्यातला थोडा वेळ द्यावा, आणि जे आजही जुन्या फाँटमध्ये अहवाल व पाठ्यसामग्री तयार करतात त्यांच्याकडे युनिकोड प्रतीची लेखी मागणी करावी, अशी माझी विनंती आहे.