चरबीवर आळ घेण्यापूर्वी

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, चरबीच्या पेशी स्निग्ध पदार्थ कसे साठवतात आणि त्यात प्रथिनांचं काम काय, हा आजचा विषय. तिकडे मी येणारच आहे. पण आधी मनात बरीच वर्षं साचलेलं एक गाऱ्हाणं ऐकून घ्या. ते ऐकल्याशिवाय ही प्रथिनं तुम्हाला आपली वाटणार नाहीत.

माझे एक मावसभाऊ आहेत, इथलेच, बडोद्याच्या दांडियाबाजारातले. सडसडीत बांधा. वहिनी मात्र भरल्या अंगाच्या. पंगतीत श्रीखंड आलं की दादा वहिनींना म्हणायचे, "पुरे आता," आणि आपली वाटी पुन्हा पुढे करायचे. हसताय, पण पुढच्या दोन रांगांत असे चार-पाच दादा मला दिसताहेत! एकदा तपासणी शिबिर होतं, दोघं गेले. वजन झालं, उंची झाली, तक्त्यावर बोट फिरलं. दादांना शाबासकी मिळाली आणि वहिनींना सगळ्यांदेखत उपदेश. दादांच्या सदऱ्याआड चांगलं पुढे आलेलं पोट होतं, पण कमरेला टेप कुणी लावली नाही. तक्ता ठीक म्हणाला, म्हणून रक्तही घेतलं नाही. पुढे पायाची जखम भरेना, तेव्हा साखर तपासली. भयंकर वाढलेली, आणि यकृतात चरबी. वहिनींची साखर आजही व्यवस्थित आहे. दादा मला विचारत होते, "अरे, माझ्या अंगावर चरबीच नाही, मग मला हे कसं झालं?"

मला राग येतो तो इथे. शिंप्याकडची टेप लावायला किती वेळ लागतो? आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० ओलांडली की सावध व्हायचं, हे काही गुपित नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात स्नायू आणि चरबी यांतला फरक कुणाला समजावावा लागू नये. वजनकाट्याला मात्र तो कळत नाही. आणि वहिनींना जे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, त्याची भरपाई कोण करणार?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलो, आपली २.७. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे हा बांधा आपण जन्मतःच घेऊन येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की चरबी साठणं हा मूळ रोग नव्हे. त्वचेखालचा, विशेषतः मांड्या-नितंबांवरचा साठा बराचसा निरुपद्रवी असतो. तो अपुरा पडला की स्निग्धांश पोटात, यकृतात, स्नायूंत जाऊन बसतात आणि तिथे इन्शुलिनचं काही चालेनासं होतं.

चिटणीसांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा प्रथिनं भराभर सांगतो.

जेवणानंतर रक्तातून आलेली चरबी जशीच्या तशी पेशीत शिरत नाही. केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं प्रथिन ती फोडतं. सुटे झालेले तिचे तुकडे, म्हणजे मेदाम्लं, आत जातात आणि डीगॅट ही विकरं (एन्झाइमं) त्यांतून पुन्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी, बांधतात. त्याचा थेंब तयार होतो तो पेशीतल्या अंतर्द्रव्य जालिकेच्या, म्हणजे आतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पटलात. तिथे सीपिन हे प्रथिन कड्यासारखी रचना करून थेंबाला नीट आकार घेऊ देतं. मग साइडेक नावाचं प्रथिन छोट्या थेंबांतला ऐवज मोठ्या थेंबात पोहोचवतं, आणि शेवटी जवळजवळ सारी पेशी एकाच थेंबाने व्यापली जाते.

त्या थेंबावर पेरिलिपिनचं आवरण असतं. ते १९९१ साली उजेडात आलं आणि माझं सर्वांत लाडकं प्रथिन तेच. कोठाराच्या दारावरचा पहारेकरी म्हणा. पोट भरलेलं असताना ते चरबी फोडणाऱ्या विकराच्या मदतनिसाला धरून ठेवतं. उपास पडला, ॲड्रिनॅलिन आलं, की त्याच्यावर फॉस्फेट चढतं, मदतनीस सुटतो, ते चरबी फोडणारं विकर, एटीजीएल, कामाला लागतं आणि साठा खुला होतो.

आता ही प्रथिनं नसली तर काय? १९५४ साली ब्राझीलमध्ये बेरार्डिनेली यांनी आणि १९५९ साली नॉर्वेत साइप यांनी अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांच्या अंगावर चरबी जवळपास नव्हतीच. त्यांतल्या अनेकांमागचं सीपिनचं जनुक २००१ साली सापडलं. २०११ साली पेरिलिपिनच्या जनुकातल्या बिघाडाने हातापायांची चरबी झडलेली कुटुंबं आढळली. या रुग्णांना काय होतं? मधुमेह, चरबीने भरलेलं यकृत, रक्तात ट्रायग्लिसराइडचा पूर. चरबी नाही म्हणून हे सगळं होतं! साठवायला जागाच नाही, तर ती जाणार कुठे?

हीच चरबीची पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक पाठवून मेंदूला साठ्याची खबर देते आणि या रुग्णांना ते औषध म्हणून देतातही. ते सविस्तर सांगायचं राहिलं. प्रश्नोत्तरांत कुणीतरी नक्की विचारा.