नाशिकचे दोन वाटे

सकाळचे सात. होळकर पूल. खाली गोदावरी, अलीकडे जुनं नाशिक, पलीकडे पंचवटी.

शहराचे दोन वाटे करा म्हटलं, तर कुणीही नदीकडेच बोट दाखवेल. तोडायचे फक्त मोजके पूल. पण महापालिकेच्या सहा विभागांपैकी एकटी पंचवटी त्या काठाला. सिडको, सातपूर, नाशिकरोड सगळे या काठाला. भावाभावांत अशी वाटणी झाली, तर प्रकरण थेट कोर्टात.

संगणकापुढेही हाच पेच असतो. चौक म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेघा. वाहतुकीचं अवाढव्य गणित दोन मशीनवर टाकायचं, तर दोघांना काम सारखं हवं. शिवाय तुटलेल्या प्रत्येक रेघेपायी या मशीनने त्या मशीनला निरोप धाडायचा. त्यात वेळ जातो. सगळ्या शक्यता तपासू म्हणाल, तर अवघ्या ४० चौकांचे वीस-वीसचे वाटे ६,८९२ कोटींहून जास्त प्रकारे पडतात.

१९७० मध्ये बेल लॅब्जच्या ब्रायन कर्निगन आणि शेन लिन यांनी एक युक्ती मांडली. आधी कसेही दोन वाटे पाडा. मग इकडचा एक, तिकडचा एक अशी अदलाबदल करत चला. एकदा हललेला ठिपका पुन्हा हलवायचा नाही. खरी गंमत पुढे आहे. अदलाबदल तोट्यात गेली तरी थांबायचं नाही. शेवटपर्यंत जायचं, सगळ्यात कमी रेघा कुठे तुटत होत्या ते पाहायचं, आणि तिथवर मागे यायचं.

नव्वदच्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज कॅरिपिस आणि विपिन कुमार यांच्या ‘मेटिस’ या संगणक प्रोग्रॅमने ठिपक्यांचं जाळंच आधी लहान केलं. शेजारच्या दोन ठिपक्यांचा एक, पुन्हा दोनांचा एक. आटलेलं जाळं कापायचं, मग उलगडत नेताना दोन वाट्यांमधली कड सुधारायची.

रस्त्यांना हे छान लागू पडतं. पण आता दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात चला. या आडत्याचा फोन पाहा: वाजायचा थांबतच नाही. शेकडो शेतकरी, आणि सगळ्यांची रेघ याच्याकडेच. जोडी लावायची तर एका फेरीत एकाच शेतकऱ्याची लागणार. बाकीचे तसेच ताटकळत. जाळं आटतच नाही.

२०१४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी जोड्यांचा नाद सोडला. आडत्या आणि त्याचे शेतकरी, अख्खी टोळीच एका ठिपक्यात गुंडाळायची. फक्त टोळीला मर्यादा घालायची, नाहीतर तोल पुन्हा जाणार. याची टोळी भरली, की उरलेले शेतकरी शेजारच्या गाळ्याकडे.