660 वरचा कट्टा

[पडद्यावर: रात्र. पुलावरची वाहनांची रांग. गाडीतल्या रेडिओवर आकडा 660.]

आपल्याकडे रेडिओवरचं क्रिकेट सामन्याबरोबर सुरू व्हायचं आणि सामन्याबरोबरच संपायचं. शेवटचा चेंडू पडला, धावफलक सांगून झाला, की आकाशवाणी मुकाट्याने पुढच्या कार्यक्रमाकडे वळायची. त्याने तो फटका मारलाच कशाला, निवड समितीची अक्कल कुठे चरायला गेली होती, हे सगळं मग नाक्यावर. न्यूयॉर्कमध्ये एका स्टेशनने हा नाकाच उचलला आणि मीडियम वेव्हवर नेऊन ठेवला. चोवीस तास.

1 जुलै 1987, दुपारचे तीन. 1050 एएमवर तोवर डब्ल्यूएचएन हे स्टेशन कंट्री संगीत लावायचं. पण गाणी ऐकणारे एव्हाना एफएमकडे सरकले होते. एएमची खरखर गाण्याचा जीव घेते. भांडणाला मात्र ती चालते, थोडी शोभतेसुद्धा. एमिस कंपनीच्या जेफ स्मुल्यान यांनी गाणी बंद केली आणि दिवसरात्र फक्त खेळावर बोलणारं स्टेशन काढलं. हाताशी भांडवल होतं ते मेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचं, आणि मेट्सनी आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली होती. नाव डब्ल्यूएफएएन. लोकांच्या तोंडी 'द फॅन'.

पहिला आवाज उमटला तो एका बाईचा. सुझिन वॉल्डमन, ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतून आलेल्या. बायकांना खेळातलं काय कळतं, हे त्यांना पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. 2005 पासून त्या रेडिओवर यँकीज या शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाच्या सामन्यांचं समालोचन करू लागल्या.

[पडद्यावर: ॲस्टोरिया, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. जुना फिल्म स्टुडिओ, खाली उतरणारा जिना.]

स्टुडिओ म्हणजे तळघर. वर सिनेमाचं शूटिंग, खाली हे. आणि सुरुवातीला गाडी तोट्यातच. एक चूक तर उघड होती. दुपारच्या मोक्याच्या वेळेला माणूस आणला क्लीव्हलँडहून, पीट फ्रँकलिन. नावाजलेला, पण बाहेरगावचा. न्यूयॉर्कचा माणूस मेट्सना शिव्या घालतो तेव्हा तो घरच्यांना शिव्या घालत असतो. त्याच शिव्या पाहुण्याने घातल्या तर कसं चालेल?

1988 मध्ये एमिसने एनबीसीची रेडिओ स्टेशनं विकत घेतली, आणि 7 ऑक्टोबरला संध्याकाळी साडेपाचला 'द फॅन' 1050 सोडून 660 वर आलं. ही जागा साधी नव्हती. तिथल्या जुन्या स्टेशनची वंशावळ डब्ल्यूईएएफपर्यंत जाते. 1922 मध्ये पैसे घेऊन जाहिरात लावणारं पहिलं स्टेशन म्हणून त्याचंच नाव घेतात. जाहिरात होती क्वीन्समधल्या फ्लॅट्सची!

660 ची ताकद पन्नास हजार वॅट. ब्रॉन्क्सजवळच्या हाय आयलंड या चिमुकल्या बेटावर मनोरा. ऑगस्ट 1967 मध्ये एक छोटं विमान तिथल्या मनोऱ्यावर आदळून तो कोसळला होता, मग नवा उभारला. दिवसा या लहरी जमिनीलगत चालतात. रात्री आकाशातल्या आयनांच्या थरावरून परततात आणि पार दूरच्या राज्यांत उतरतात. नोकरीसाठी शहर सोडून गेलेला माणूस अंधार पडल्यावर गाडीत बसून काटा फिरवायचा, कारण त्याचं गाव त्याला तिथे सापडायचं.

660 बरोबर सकाळचे डॉन आयमस आले. त्यांच्या कार्यक्रमात खेळ जेमतेम, टवाळी आणि राजकारणच जास्त. पण जाहिरातदार त्यांच्यामुळे आले. क्रीडावाहिनीचा घरखर्च चालवला तो खेळाशी फारसं देणंघेणं नसलेल्या माणसाने.

मग 5 सप्टेंबर 1989. माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रूसो यांचा कार्यक्रम सुरू झाला, 'माइक अँड द मॅड डॉग'. दोघेही लाँग आयलंडचे. फ्रान्सेसा जड आवाजाचे, शेवटचा शब्द आपलाच असणार याची खात्री बाळगून बोलणारे. रूसो चिरक्या आवाजात इतके भरभर बोलायचे की शब्द एकमेकांवर आदळायचे. मायक्रोफोन बंद असताना दोघांत अबोला असायचा, असेही काळ गेले. जवळजवळ एकोणीस वर्षं टिकली ही जोडी, 2008 च्या ऑगस्टपर्यंत.

पण माझ्या मते स्टेशन चालवलं ते फोन करणाऱ्यांनी. लाइनवर ताटकळून नंबर लागला, की पहिलं वाक्य ठरलेलं: "फर्स्ट टाइम, लाँग टाइम." म्हणजे बोलतोय पहिल्यांदा, ऐकतोय कधीपासूनचा. मग आडनाव नाही, हुद्दा नाही. नाव आणि मोहल्ला, बस्स. ब्रुकलिनचा अमका, ब्रॉन्क्सचा तमका. आणि मग त्या अमक्याने प्रशिक्षकाला कामावरून काढायचं!

1992 मध्ये इन्फिनिटी या रेडिओ कंपनीने हे स्टेशन सात कोटी डॉलरना घेतलं. एका एएम स्टेशनला तोवर एवढी किंमत आली नव्हती. 2012 च्या नोव्हेंबरपासून तेच बोलणं 101.9 एफएमवरही ऐकू यायला लागलं, खरखरीशिवाय. आणि 2014 मध्ये, ज्यांच्या जोरावर संसार मांडला ते मेट्स दुसऱ्या स्टेशनकडे गेले. त्यांच्या जागी आले यँकीज, शहरातले त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी.

[पडद्यावर: स्टुडिओ. फोनचे दिवे, सगळे लुकलुकते.]

यावर बोलायला लाइनी खुल्या होत्याच.