कूलंट कमी झालं की वरून टाकतो की!

श्रोतेहो, नमस्कार.

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीच्या मालकाला विचारून बघा, कूलंट शेवटचं कधी बदललं? बहुतेकदा उत्तर येतं, "कमी झालं की टाकतो की वरून." आणि ते वरून टाकलेलं पुष्कळदा नळाचं पाणीच असतं. गाडी तापत नाही, काटा जागेवर आहे, मग बदलायचं कशाला?

गंमत अशी आहे की काटा याबाबतीत काहीच सांगत नाही. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. सिलिंडरभोवतालची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीपर्यंत, नेण्याचं काम जुनं कूलंटही करत राहतं. आधी संपतात ती गंज रोखणारी रसायनं. शिवाय ग्लायकॉल तापून तापून त्याचं थोडं थोडं आम्ल होत जातं, ते मारायलाही हीच रसायनं खर्ची पडतात. ती संपली की तेच पाणी आतून इंजिन खायला लागतं. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, खालचा बिडाचा ब्लॉक, पंपाचा पंखा, रेडिएटरच्या बारीक नळ्या, सगळे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात. काटा वर चढतो तेव्हा हे खाणं बरंच पुढे गेलेलं असतं.

"आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत कायम साधंच पाणी होतं," असं म्हणणारे अजून भेटतात. होतं, खरं आहे. त्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि घाट चढून आलं की पाण्याचा कॅन घेऊन बॉनेट उघडायची सवयही त्याच काळातली. आजच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, तिच्या नळ्या चपट्या आणि अरुंद. तिथे बोअरचं पाणी घातलं की त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम नळीच्या आतून थर धरतं. नळांवर ज्यांच्या घरी पांढरा थर बसतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रेडिएटरसाठी बॅटरीत घालतो ते पाणी वापरायचं, म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ, म्हणजे हे न गोठणारं ग्लायकॉल, कशाला, हाही प्रश्न येतो. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, पण हा उपयोग लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांना. आपल्या कामाचं दुसरं टोक. हेच मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं आणि रेडिएटरचं झाकण त्यावर जवळपास एक बारचा दाब धरतं, त्यामुळे उकळणबिंदू 125 च्याही पुढे जातो. मे महिना, एसी चालू, बोरघाटात पहिल्या गिअरमध्ये रांग लागलेली, तेव्हा हीच पुंजी कामाला येते. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही. म्हणून जुन्या गाडीत कूलंटबरोबर झाकणही नवीन घ्यावं.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी, गाडी पूर्ण गार असताना झाकण उघडा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटताक्षणी आतलं पाणी उसळून तोंडावर येतं. गार असताना रेडिएटरच्या तोंडात बोट फिरवा. बोटाला तांबूस गाळ लागला, तर फ्लशिंगची, म्हणजे आतून धुऊन काढण्याची, वेळ कधीच होऊन गेली आहे. तेलकट, दुधाळ साय लागली तर मात्र थांबा. ते हेड गॅस्केटचं, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचं, दुखणं असू शकतं आणि तिथे नवं कूलंट घालणं म्हणजे पैसे गटारात.

रेडिएटरच्या तळाशी ड्रेन प्लग असतो. प्लास्टिकचा, आणि या वयात ठिसूळ. तो फिरत नसेल तर जोर लावू नका, खालच्या होज पाइपची क्लिप सोडवा. खाली टब ठेवा. निघालेलं पाणी चवीला गोड आणि जहरी असतं, कुत्री-मांजरी ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. डब्यात भरून, झाकण लावून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

मग साधं पाणी भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, कारण त्यातूनही हेच पाणी फिरतं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. पाणी नितळ येईपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो, पण जुन्या गाडीला मला हाच मार्ग पटतो. जोरदार फ्लशिंग केमिकलबद्दल माझं मत जरा कडू आहे. पंधरा वर्षांच्या रेडिएटरमध्ये एखादं बारीक छिद्र गाळानेच बुजलेलं असतं, केमिकलने तो गाळ गेला की गळती सुरू. आणि कुणी आम्ल किंवा कॉस्टिक सोडा सुचवला, तर हात जोडून नको म्हणा, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. सेकंडहँड गाडी असेल तर आत आणखी काय निघेल याचा नेम नाही. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही हायवेवरची जुनी युक्ती. त्या वेळेपुरतं भागतं, नंतर तो लगदा हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

शेवटचं खंगाळणं बॅटरीच्या पाण्याने करा. आणि इथे एक हिशेब बरेच जण विसरतात. लहान गाडीत समजा एकूण 4 लिटर मावतं. प्लग उघडल्यावर बाहेर येतं अडीच लिटर, उरलेलं दीड लिटर पाणी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्येच राहतं. आता तयार, निम्मं-निम्मं केलेलं कूलंट ओतलंत, तर आत ग्लायकॉल तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जातं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणायचं. आधी ते 2 लिटर, मग वरचं अर्धा लिटर बॅटरीचं पाणी.

कुठलं आणायचं? रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग आहे, त्याला सगळ्या कंपन्यांचा मिळून एक नियम नाही. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, डब्यावर आयएस 5759 हे भारतीय किंवा जेआयएस के 2234 हे जपानी मानक शोधा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं, लाँग लाइफ पाचेक वर्षं. दोन जाती एकमेकांत मिसळू नका, कधी कधी जेलीसारखं घट्ट होतं.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, झाकण उघडं, हीटर चालू. वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन आयडलवर चालू द्या, बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, थोडं थोडं भरत जा. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर तोही सोडून बघा. डॅशबोर्डमागून गुडगुड ऐकू आली किंवा हीटर गार हवा फेकतोय, तर हवा अजून आत आहे.

याच वेळी एखादा फिटर म्हणेल, "साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी तापायचीच नाही." काढू देऊ नका. मग इंजिन नेमक्या तापमानाला पोचतच नाही, कॉम्प्युटर त्याला गार समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि झीज वाढते. जुना अडकत असेल तर नवा बसवा.

पुढचे काही दिवस सकाळी कूलंटच्या बाटलीतली पातळी बघत जा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर चिंता नको, राहिलेली हवा निघते. पण आठवडाभर रोज उतरतेय आणि जमिनीवर थेंबही नाही, तर ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅटिंग उचला आणि हात लावून बघा. ओलं, चिकट लागलं तर हीटरची जाळी गळतेय. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो. होकार देण्याआधी मजुरी विचारून घ्या.

नमस्कार.